टाकीतलं धुकं

नव्वदच्या दशकात, बारावी झाल्यावर, मी पेणच्या खाडीकाठचं आमचं गाव सोडून, रोह्यासमोर कुंडलिका नदीपलीकडे असलेल्या अष्टमी गावात मावशीकडे राहायला आले. मावशी एका कंपनीत कंत्राटी कामाला जायची. तिनं मला दुसऱ्या कंपनीत लावून दिलं.

तिथल्या उंच लोखंडी टाक्यांना आतून रंगाचा जाड थर असायचा. तो जुना होऊन फुगला की काढायचा, आणि काढायचा तो पाण्यानं. डिझेलचा पंप पाणी इतक्या जोरात फेकायचा की लोखंडाला धरून बसलेला रंग सालीसारखा सुटायचा. त्या धारेपुढे हात गेला तर हात राहणार नाही, असं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

मी टाकीच्या तोंडाशी बसायची. आत ती धार सोडणारी गन धरून रोह्याचा एक तरुण असायचा आणि त्याच्या कमरेची दोरी माझ्या हातात. त्यानं अधूनमधून हिसका द्यायचा, म्हणजे सगळं ठीक. मीही उलट हिसका द्यायची. त्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं. दोघांच्याही कानात कापूस, माझ्या तर तोंडालाही फडकं. कामाचं सगळं हातानं खुणावून चालायचं.

वरच्या झाकणातून उन्हाचा खांब आत उतरायचा आणि त्याच्याभोवती पाण्याचं धुकं फिरत राहायचं. त्यात त्याचा पिवळा रेनकोट मध्येच उमटायचा, मध्येच विरायचा. भिंतीवरचा हिरवा रंग गळून पडला की खालून तांबडा निघायचा, आणि मग उजळ लोखंड. तोंडाशी बसवलेला विजेचा ब्लोअर आतली कोंदट, विषारी हवा बाहेर ओढायचा, म्हणून धुकं सावकाश माझ्याकडे यायचं, गालांना लागायचं. पुष्कळदा मला वाटे, मी जागी नाहीच. कुठल्यातरी पहाटेच्या आत बसले आहे.

एका दुपारी ते धुकं थांबलं.

आधी मला ते नुसतं सुंदर वाटलं. उन्हात थेंब जागच्या जागी लोंबकळत होते. मग लक्षात आलं. वीज गेली होती, ब्लोअर बंद पडला होता, आणि डिझेलचा पंप मात्र चालूच, त्यामुळे कुणालाच पत्ता नव्हता. मी दोरीला हिसका दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. आतून धारेचा आवाज तुटला आणि पिवळा रेनकोट खाली बसला.

मी तोंडावरचं फडकं ओढून काढलं आणि पंपवाल्या काकांकडे बघून, हात हलवत ओरडले, "बंद करा! ब्लोअर बंद हाय! तो पडलाय!"

काका पंप बंद करून धावत आले. मी एक पाय आत टाकलाच होता. त्यांनी दंड धरून मागे खेचलं.

"आत नको जाऊस गो, तूबी पडशील! दोरी ओढ!"

रंगाच्या ओल्या गाळावरून आम्ही त्याला ओढत तोंडापर्यंत आणलं, बाहेर काढलं, मोकळ्यावर निजवलं. ओठ निळसर पडले होते. मी त्याच्या तोंडावर पाणी मारत होते, "उठा हो, डोळे उघडा" म्हणत होते. किती वेळानं कोण जाणे, त्यानं मोठा श्वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"तू बोलतेस गो?"

"व्हय. बोलते की."

"मला वाटलं, मुकी हायस."

मला राग आला, आणि रागातच रडू फुटलं.

त्याला दवाखान्यात नेलं. तो बरा झाला. ब्लोअरला जनरेटर लागल्याशिवाय पंप चालू करणार नाही, असं काकांनी कंत्राटदाराला सांगितलं, आणि जनरेटर आला.

तो कामावर परतला त्या संध्याकाळी आपल्या घराचा रस्ता मागे टाकून माझ्यासोबत पुलापर्यंत आला, मग पुलावरही. कुंडलिकेला भरती होती, पाणी हलतंय की नाही कळत नव्हतं. त्यानं माझं गाव विचारलं आणि मी बोलतच सुटले. तो ऐकत होता. पलीकडे मावशी भाजी घेत उभी होती.

"ह्यो कोण गो?"

मला त्याचं नाव-गाव सोडून काहीच ठाऊक नव्हतं. तोच म्हणाला, "हिच्याबरोबर कामाला हाय."

मावशीनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि चहाला घरी बोलावलं. वर्षभरानं आमचं लग्न झालं, तिच्याच अंगणात.