पिवळ्या पैठणीची घडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर माझ्या किती दाढा किडल्यात तेही ठाऊक आहे. तुम्हाला का सांगतोय, ते नीट कळत नाही. कदाचित तुम्ही आमच्या ताईला ओळखत नाही, म्हणून.

माझे वडील येवल्याला पैठणी विणायचे. घरातच माग होता, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा. शाळेतून आलो की मी आणि शोभाताई कांड्या भरायला बसायचो. तिला ते आवडायचं. मला मात्र त्या मागाचा राग यायचा — पोरं बाहेर खेळताहेत आणि मी रेशमाचे धागे गुंडाळतोय! नोकरी लागली तसा मी नाशिकला पळालो. हो, पळालो हाच शब्द बरोबर आहे. अंबडच्या कारखान्यात कुणी विचारलं तर वडिलांचा कापडाचा व्यवसाय आहे, असं सांगायचो. खोटं नव्हतं ना ते? — पण खरंही नव्हतं. असो. कबुली त्याची नाही.

ताईला मुलगी झाली, पल्लवी. ताई बाळंतपणाला माहेरी असतानाच बाबांनी एक पिवळी पैठणी मागावर चढवली. आमच्याकडे नवरी गौरीहर पुजायला बसते ती मामानं दिलेल्या पिवळ्या वस्त्रात. लग्नघरात शंभर साड्या येऊ देत, ते एक वस्त्र मामाचं. आईचं माहेर त्या वेळी मुलीच्या अंगावर असतं, असं मानतात. ते आपल्या हातचं असावं, एवढीच बाबांची हौस. पाळण्यातल्या पोरीच्या लग्नाची तयारी — आम्ही सगळे हसलो होतो.

पैठणी पुरी झाली तेव्हा त्यांनी ती माझ्या हातात दिली. म्हणाले, "मी राहीन नाय राहीन. मामा तू हाय, तू दे. फक्त वर्षातून दोनदा उलगड आन घडी बदल. नायतर घडीवर चिरंल ती." पदराबद्दलही काहीतरी सांगत होते, सांगता सांगता हसत होते. मी बस पकडायच्या घाईत. निम्मं ऐकलंच नाही.

एवढंच काम होतं. वर्षातून दोनदा, पाच मिनिटांचं. मी ते एकदाही केलं नाही.

बाबा गेले. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये पैठणी माळ्यावर एका ट्रंकेत पडून राहिली. विसरलो म्हणू? पण दर दिवाळीला साफसफाईत ती ट्रंक खाली यायची, पुसली जायची आणि पुन्हा वर जायची. जरीचं रेशीम एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलं की काय होतं, हे विणकराच्या मुलाला कळणार नाही तर कुणाला कळणार? मग आळस होता का? की त्या मागाला अजूनही हातच लावायचा नव्हता मला? खूप विचार केला. गोंधळ काही मिटत नाही.

पल्लवीचं लग्न ठरलं आणि महिनाभर आधी मी ट्रंक उघडली. वरून पैठणी पिवळीधमक, नवी कोरी. उलगडायला गेलो, तर पहिल्या घडीवर चर्र. दुसरीवर चर्र. साडीच्या पट्ट्या हातात आल्या.

तेव्हाच ताईला फोन करायला हवा होता. रडली असती, बोलली असती, संपलं असतं — की नसतं? दोन दिवस नुसता फोन हातात घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी येवल्याला गेलो, आमची गल्ली चुकवून, आणि तशीच पिवळी, पदरावर पोपटांची रांग असलेली पैठणी विकत घेतली. हातमागाचीच घेतली. कारण ताई आधी उलटी बाजू बघणार, हे मला ठाऊक होतं. मशीनच्या साडीला मागे धागे सुटलेले असतात, हातमागाची दोन्हीकडून सारखी. लबाडीतसुद्धा मी असा काटेकोर.

पंचवटीतल्या कार्यालयात, लग्नाच्या सकाळी, सगळ्या बायकांच्या देखत मी ती ताईच्या हातात ठेवली. "बाबांची," म्हटलं. ताईनं उलटी बाजू पाहिली. मग पदर मांडीवर पसरला आणि एकेका पोपटावरून बोट फिरवत गेली. शेवटपर्यंत गेली, पुन्हा पहिल्यापासून आली. तिच्या सासूबाईंनी विचारलं, "व्याह्यांनी विणलेली ती हीच का गं?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं.

"हो. बाबांचीच हाय," म्हणाली, आणि पदराची घडी घातली.

पल्लवी ती नेसून गौरीहरापाशी बसली. पाया पडायला आली तेव्हा म्हणाली, मामा, आजोबा आल्यासारखं वाटतंय. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि सुटलो, असं वाटलं मला. लाज वाटते सांगायला, पण तसंच वाटलं.

पुढच्या रविवारी फाटकी पैठणी टाकून द्यायला ट्रंक काढली. पदर तेवढा शाबूत होता. पोपटांच्या रांगेत शेवटून दुसऱ्याची चोच वाकडी, खाली लोंबलेली. ती पाहिली आणि बाबांचं ते न ऐकलेलं निम्मं बोलणं कुठून कोण जाणे कानात आलं — पल्लवीला झोळीत निजवून एक पोपट ताईनं विणलाय, चोच चुकली, उसवू का म्हणत होती, मी म्हटलं असू दे, पोरीला आईची खूण.

ताई तोच पोपट शोधत होती. दोनदा शोधला तिनं.

मग हो का म्हणाली? मला वाचवलं? की लेकीची ती सकाळ? की बाबांचं नाव? चार वर्षं झाली. दर भाऊबीजेला मी तिच्याकडे जातो, ती ओवाळते, करंजी पुढे करते. खरी कुठे आहे, हे तिनं एकदाही विचारलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही.

पल्लवी परवा सहज बोलता बोलता म्हणाली, ती पैठणी मी वर्षातून दोनदा उलगडते, घडी बदलून ठेवते. आईनं बजावलंय.

टाकायला काढलेली मी टाकली नाही. ती अजून माझ्या माळ्यावर आहे, आणि वाकड्या चोचीचा तो पोपटही.