फोटोत न दिसलेलं भांडण

माझ्या धाकट्या दिराने आयुष्यात कोणाचं एकही भाकीत सुखासुखी खरं होऊ दिलं नाही. ज्योतिषाने सांगितलं, याच्या नशिबी सरकारी नोकरी नाही. हा ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत चिकटला आणि निवृत्त होईपर्यंत दर दिवाळीला त्या ज्योतिषाला मैसूरपाक देऊन आला. भिंतीवर पाल चुकचुकली की आमच्या गल्लीत माणसं घटकाभर थांबतात. हा नेमक्या तेव्हाच चपला घालायचा. रेडिओने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवायचा, चिंब भिजून यायचा आणि म्हणायचा, "वैनी, याला पाऊस म्हणत नाहीत. हे शिंतोडे." लग्न करून मी या घरात आले त्या आठवड्यात आमचं भांडण सुरू झालं. माझे यजमान गेले, त्याची बायको गेली, भांडण तेवढं टिकलं.

मागच्या वर्षी एका सकाळी कॉफी पिता पिता त्याचा उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं आणि वाचा गेली. शेजाऱ्याने ऑटो काढली म्हणून वेळेत इस्पितळात पोचलो. मांडीतून बारीक नळी घालून मेंदूतली रक्ताची गुठळी ओढून काढली. दुसऱ्या दिवशी तरुण डॉक्टर आले आणि खाटेशी उभे राहून मला संगणकावर मेंदूचा फोटो दाखवू लागले. लाल रंग म्हणजे मेलेला भाग, हिरवा म्हणजे वाचलेला. "लाल थोडंच आहे, अम्मा. तीन महिन्यांत चालतील, बोलतील."

मी म्हटलं, "हे बाहेर सांगायचं होतं. त्याने ऐकलं. आता तो बोलायचा नाही."

डॉक्टर हसले. दोन आठवड्यांत दीर काठी घेऊन चालू लागला. तोंडातून मात्र अक्षर नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, "फोटो चुकला, असं त्याला सांगा."

"फोटोत नाही ते कसं सांगू, अम्मा?"

मग मीच सांगितलं. "ऐकलंस? तू आता बोलणार नाहीस म्हणे. बरं झालं, घराला शांतता."

तो लालबुंद झाला, ओठ थरथरले. "खो... खोटं."

डॉक्टरांनी श्रेय फोटोला दिलं. मी कोणाला दिलं ते सांगायला नको.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. चालतात का? हो. अंघोळ स्वतः करतात? हो. शर्टाची बटणं? लावतात. डॉक्टरांनी खुशीत कागद भरला. मी म्हटलं, "भांडत नाही."

"मग चांगलंच की, अम्मा."

त्या कागदावर भांडणाचा रकाना नव्हता. शब्द परत आले आहेत, पण वाद घालायला लागतात तेवढे एका वेळी सापडत नाहीत. शोधून दमतो, म्हणून सगळ्याला "हो वैनी" म्हणतो. मी मुद्दाम खोटं बोलून पाहते. काल रसमात चिंच घातलीच नाही आणि विचारलं, "आंबट झालंय ना?"

"हो वैनी," म्हणाला. दुसऱ्या घोटाला मात्र पेला खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला, ओठ हलवत. मी हातातलं काम टाकून समोर बसले. मला कुठे जायचं नव्हतं.