जेवून गेलता ना?

ठाकुर्लीच्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर कोणी सुकट भाजायला घेतली की मी उठून खिडकी लावतो. "ब्रिगेडियर म्हणून रिटायर झालात आणि सुकटीच्या वासाला घाबरता?" बायको हसते. तिला मी कधीच काही सांगितलेलं नाही.

तेव्हा मी मेजर होतो. माझ्या तुकडीतला एक जवान गस्तीवर गेला तो परत आलाच नाही. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला होता. पुढे रजेवर आलो तेव्हा युनिफॉर्म चढवून खोपटला एसटीतून उतरलो आणि त्याच्या घरी गेलो. शौर्याची चार वाक्यं वाटेत घोकली होती.

त्याच्या आईने ती ऐकलीच नाहीत. ती चुलीशी सुकट भाजत होती. मान वर न करता तिने एवढंच विचारलं, "साएब, माजा पोर जेवून गेलता ना?"

नव्हता गेला. पोळ्या तव्यावर असतानाच मी गस्तीच्या पोरांना पिटाळलं होतं. अर्धा तास वाचवायचा होता मला. "आल्यावर जेवा," म्हणालो होतो.

"हो, पोटभर," मी म्हणालो.

तिचा चेहरा सैलावला. दारात जमलेल्या बायकांना तिने ओरडून सांगितलं, "जेवून गेला गो माजा पोर!" मग सुकट आणि तांदळाची भाकरी माझ्यापुढे ठेवली. मी खाल्ली.

"लाजू नको," दुसरी वाढत ती म्हणाली, "तो पन दोन खायचा."

मी दुसरीही खाल्ली.