वाळवणातला लॅपटॉप आणि श्रीपतीची तेजश्री

तर काल जेवणाची हाक आली आणि गोष्ट आमच्या विहिरीवरच राहिली. पाच हॉर्सची मोटार घरघर करतीय, श्रीपती मिस्त्री म्हणतोय वाइंडिंग गेलं, सोडवून भवानीनगरला दुकानात न्यावी लागंल. आणि त्याची लेक तेजश्री, तेव्हा नववीत, बापाच्या पिशवीतला लांबडा स्क्रू-ड्रायव्हर काढून पुढं झालेली. तिनं त्याचं टोक मोटारीच्या नाकाडावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. जरा वेळानं म्हणाली, वाइंडिंग न्हाय, पुढचं बेअरिंग वरडतंय.

श्रीपतीनं स्वतः कान लावून बघितलं. खरंच बेअरिंग होतं. दुसरा कुणी बाप असता तर चारचौघांत लेकीनं चूक काढली म्हणून तोंड वाकडं करून बसला असता. यानं पान्हा तिच्या हातात दिला आणि मला म्हणाला, "आबा, आजपासनं ही मिस्त्री आन मी हेल्पर."

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढं जे घडलं ते त्या कानाचं आणि त्या बापाच्या वळणाचं आहे.

श्रीपतीचं वळण काय, तर मोटार मालकासमोरच उघडायची. एक काळ असा होता की मोटार नवं वाइंडिंग भरायला टाकली की शेतकऱ्याला रात्रभर झोप नसायची. आतली तांब्याची तार मिस्त्रीनं बदलली तर आपल्याला काय कळणार? श्रीपतीनं दुकानात एक लोखंडी स्टूल ठेवलं. मालक त्या स्टुलावर बसल्याशिवाय तो नटाला पान्हा लावत नसे. मालकाला घाई असेल तर मोटार तशीच पडून राहायची. आमच्या सणसरचा एक शहाणा त्याला म्हणाला, माझा तुझ्यावर विश्वास आहे, मी जातो. श्रीपती म्हणाला, माझा तुमच्यावर न्हाय, बसा.

तेजश्रीनं बारामतीत आयटीआय केलं आणि पुण्यात एका लॅपटॉप दुरुस्तीच्या ठिकाणी दोन वर्षं नोकरी केली. मग एक दिवस बॅग घेऊन परत आली. लोकांना वाटलं, काहीतरी बिनसलं असणार. बिनसलं काही नव्हतं. तिथं मालक बाहेर काउंटरवर उभा आणि मशीन आत काचेच्या पलीकडं. आपण कुणाचं दुरुस्त करतोय हेच कळायचं नाही, म्हणाली. मग बापाच्या दुकानात मधोमध एक फळी आली. अलीकडं मोटारी आणि वार्निशचा वास, पलीकडं रबरी मॅट घातलेलं टेबल. स्टूल मात्र एकच, दोघांत मिळून.

सुरुवातीला लोक तिच्याकडं चार्जर तेवढे आणायचे, लॅपटॉप बारामतीला न्यायचे. पहिल्यांदा यायला लागल्या त्या कॉलेजच्या पोरी. त्यांचे फोटो, त्यांच्या गोष्टी त्या डब्यात असतात. डबा आपल्यासमोर उघडतो आणि आपल्यासमोर बंद होतो, हे त्यांना बरं वाटलं. पोरींच्या मागून त्यांच्या आया आल्या, आयांच्या मागून मास्तर आले. असं तिचं दुकान चाललं.

आता आमच्या घरच्या प्रकाराकडं येतो. यातली निम्मी चूक माझी, निम्मी माझ्या बायकोची, गोजरबाईची. ती म्हणंल, सगळी तुमची. म्हणू द्या.

आमची नातसून राजलक्ष्मी, माहेर सुप्याचं, घरी कॉम्प्युटरवरचं भरतकाम करते. लॅपटॉपवर डिझाईन काढायचं, ते पेनड्राईव्हवर घ्यायचं, मशीनला लावायचं आणि मशीन ब्लाउजच्या पाठीवर मोर भरतं. बारामती, इंदापूरच्या नवऱ्या मुली तिच्याकडं येतात. तीन वर्षांत तिनं चारशे बारा डिझाईनं काढली होती. सगळी स्वतःच्या हातची, सगळी त्या एका लॅपटॉपात. पेनड्राईव्हवर नवी आली की जुनी पुसायची. दुसरी नक्कल कुठंही नाही.

लॅपटॉप झाला होता संथ. बटण दाबावं, गाईची धार काढावी, चहा घ्यावा, तेव्हा कुठं तो डोळे उघडायचा. राजलक्ष्मी मे महिन्यात भावाच्या लेकराच्या बारशाला माहेरी गेली. निघताना म्हणाली, आल्यावर तेजश्रीकडून आतली हार्ड डिस्क बदलून घेते, नव्या जातीची एसएसडी टाकली की पळायला लागंल.

हे गोजरबाईनं ऐकलं, पण निम्मंच. तिचं मत वेगळं पडलं. राजलक्ष्मीच्या खोलीत उन्हाळाभर कूलर चालतो. भिंतीसुद्धा दमट लागतात. मग हे यंत्र दमट झालं नसेल कशावरून? आणि दमट वस्तूला आपल्याकडं एकच औषध. गादी असो, डाळ असो, लोकरीचं स्वेटर असो, ऊन दाखवायचं. मला हे पटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच पटलं. गच्चीवर मीच घेऊन गेलो. बाजेवर धुतलेलं धोतर अंथरलेलं, एका अंगाला मिरच्या, एका अंगाला कुरडया आणि मधे लॅपटॉप. आतपर्यंत ऊन जावं म्हणून झाकण उघडं ठेवलं. नऊ वाजता ठेवला तो एकला काढला. मधे एकदा बाजूही पालटली.

खाली आणला तेव्हा तव्यासारखा तापला होता. बटण दाबलं. आतून टक, टक, टक असा आवाज, जसं पाल भिंतीत चुकचुकतीय, आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी. मी बंद करून परत चालू केला. परत तेच. असं चार वेळा केलं. चौथ्या वेळी गोजरबाई म्हणाली, "आवं, राहू द्या आता. आपुन काय केलंय ते मला कळलंय."

टॉवेलात गुंडाळून मोपेडवर भवानीनगर गाठलं. तेजश्रीला सगळं सांगितलं, बाजेसकट, कुरडयांसकट. फळीपलीकडं श्रीपती हसून हसून खाली बसला. ती हसली नाही. किती वेळा चालू केलात, एवढंच विचारलं. चार म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. तापलेली डिस्क प्रत्येक फिरण्याला स्वतःलाच खरवडत असते, म्हणाली. मी म्हणालो, मग बर्फाच्या कप्प्यात ठेवू का घटकाभर? तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी टॉवेलाची घडी घालायला लागलो.

"आबा, आता गारठ्यात घातली तर आत पाणी सुटंल. तुमी तिला बरंच काय काय दाखवलंय आज. जशी तापली तशी निवू द्या."

लॅपटॉप निवला. मी म्हणालो, उघड आता. तर म्हणाली, वैनी कुठं हायत? मी म्हणालो, सुप्याला, गुरुवारी येणार, त्याच्या आतच आटपायचंय. घरात मी वडीलधारा, मी स्टुलावर बसतो की. ती म्हणाली, लॅपटॉप वैनींचा हाय. मी माझी पांढरी मिशी दाखवली, वय सांगितलं, तिच्या आजाबरोबर मी सातवीपर्यंत एका बाकावर होतो तेही सांगितलं. ऐकंल तर शपथ. श्रीपतीकडं बघितलं, तर तो मोटारीत डोकं घालून बसलेला. शेवटी तिनं फोनच माझ्या हातात दिला. आत काय वाचवायचं ते त्यांनाच म्हाईत, म्हणाली, माझ्या मनानं मी त्यात हात घालणार न्हाय.

जन्मात मी बरेच अवघड फोन केलेत. सोसायटीच्या निवडणुकीत पडल्यावर व्याह्याला केला होता, तो सोपा होता. राजलक्ष्मीला सगळं सांगितलं. पलीकडं बारशाच्या बायकांचा गलका ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "आबा, मिरच्या तरी वाळल्या का?"

मला वाटलं, पोरगी सावरली. पण दोन बस बदलून ती चार वाजता दुकानात शिरली तेव्हा तिचे डोळे रडून सुजलेले होते. ती सरळ जाऊन स्टुलावर बसली.

तेजश्रीनं मागचे स्क्रू काढले. पत्त्यांच्या कॅटाएवढी चपटी पेटी बाहेर निघाली. हीच ती हार्ड डिस्क. वायरीनं ती आपल्या कॉम्प्युटरला जोडली आणि मग, तुम्हाला सांगतो, तिनं स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक हलकेच पेटीच्या कडेला टेकवलं, मूठ कानाला लावली. दुकानातला पंखासुद्धा श्रीपतीनं बंद केला. फिरतीय, म्हणाली, पण मधी अडखळतीय. सगळं निघंपर्यंत टिकंल का न्हाय सांगता येत न्हाय. वैनी, आधी काय काढू?

राजलक्ष्मी म्हणाली, डिझाईनं. तेजश्रीनं विचारलं, लग्नाचे फोटो दिसतायत हितं, ते? "राहू द्या. ते काय, सगळ्या पाहुण्यांकडं हायत."

नक्कल सुरू झाली, डिझाईनांच्या नावांच्या अक्षरक्रमानं. पडद्यावर आकडा चढायला लागला. पन्नास, शंभर, दीडशे. दोनशे नव्वदला येऊन थांबला आणि पेटीतून पुन्हा ते टक, टक. तेजश्रीनं सगळं बंद केलं. अर्धा तास तिला इसावा, म्हणाली. श्रीपतीनं चहा सांगितला. मला नुसतं बसून राहणं सोसत नाही, म्हणून मी विहीर खोदतानाची एक गोष्ट काढली, तर राजलक्ष्मी म्हणाली, "आबा, आता नगा." पन्नास वर्षांत मला गोष्टीतून उठवणारी ती पहिली.

अर्ध्या तासानं तेजश्री परत बसली, पण या खेपेला तिनं दोनशे नव्वदला हातच लावला नाही. शेवटून सुरुवात केली. चारशे बारा, चारशे अकरा, चारशे दहा. मला ते लगेच उमगलं. पाटात मधे कचरा अडकला की आपण काय करतो? तिथंच पाणी कोंडत बसत नाही, खालच्या अंगाच्या सऱ्या दुसरीकडून भिजवून घेतो, मग अडलेल्या जागेकडं वळतो. ही पोर तेच करत होती. खालून वर येत येत ती त्या अडलेल्या जागेपाशी पोचली. तिथं एकेक फाईल स्वतंत्र घेतली. एक आली. दुसरी आली. तिसऱ्याला दोन मिनिटं लागली. दिवेलागणीला आकडा चारशे नऊवर थांबला, आणि पेटी गप्प झाली ती झालीच.

तीन गेली. राजलक्ष्मीनं यादी काढून बघितली कुठली. दोन तर माहेरी निघायच्या आदल्या दिवसाच्या ऑर्डरची, पेनड्राईव्हवर अजून होती. तिसरं तिचं सगळ्यात पहिलं, एक पोपट. ते नाव वाचलं आणि ती जी हसायला लागली, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाली, बरं झालं गेला, तो पोपट कुणालाच पोपट वाटला न्हाय, एका बाईनं तर ढोबळी मिरची म्हणून भरून घेतला होता. तेजश्रीचं पोट दुखायला लागलं हसून. श्रीपतीनं पंखा लावला.

मग बराच वेळ दोघी एकेक डिझाईन उघडून नीट आलंय का बघत बसल्या. तेजश्री मधेच विचारायची, हे वळण कसं काढलं, हा दोरा खालून कसा जातो. काम तपासणं राहिलं बाजूला.

दुसऱ्या दिवशी, राजलक्ष्मी स्टुलावर असतानाच, नवी एसएसडी बसली. मी हातात घेऊन बघितली, रिकाम्या काडेपेटीसारखी हलकी. आत फिरणारं काहीच नाही, म्हणून खरवडायचं काही नाही. तेजश्रीनं त्यात सगळं नव्यानं भरलं, डिझाईनं घातली आणि म्हणाली, आबा, बटण तुमी दाबा. मी नको नको म्हणत होतो. दाबलं आणि खिशातला चष्मा काढायला गेलो. चष्मा नाकावर येईतो लॅपटॉप चालू होऊन बसलेला. राजलक्ष्मी म्हणाली, आता गाईची धार कधी काढायची?

तेजश्रीनं डिझाईनांची आणखी एक नक्कल वेगळ्या पेटीत करून दिली आणि ती दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगितली. यावर मी मात्र मान खाली घातली. साठ वर्षं ऊस केला, कधी बेणं एका रानात ठेवलं नाही. एका रानाला रोग लागला तर दुसरं हाताशी असावं म्हणून. आणि घरात तीन वर्षांचं बेणं एका डब्यात पडलं होतं, ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

निघताना राजलक्ष्मी पुढं मोपेडजवळ गेली आणि मी मागं रेंगाळलो. दोन दिवस एक गोष्ट माझ्या मनात सलत होती. हळूच विचारलं, पोरी, न्हाईच निघालं असतं तर माझ्या नातसुनंला काय सांगितलं असतंस? डिस्क मुळातच जुनी होती, असं म्हणून माझी चूक थोडी झाकली असतीस का?

तेजश्रीनं टेबलावरचे स्क्रू डबीत भरता भरता वर बघितलं आणि म्हणाली, "खरं हाय तेच सांगितलं असतं, आबा. वैनी, न्हाय निघालं, असंच. आन मग रोज दुकान बंद झाल्यावर तुमच्या घरी आली असती. त्यांनी एकेक डिझाईन आठवायचं आन मी ते नव्यानं काढायचं. चारशे बारा म्हंजी काय लई न्हाईत, दिवाळीपतोर झाली असती."