धाव कुणाच्या नावावर

"मारलं कुनी ते न्हाई इचारलं. परत आलं कोन?" चेंडू लांब गेला की सगळे फटका मारणारीसाठी टाळ्या पिटायचे आणि आमच्या शाळेचे क्रीडाशिक्षक बोट नाचवत हा प्रश्न टाकायचे. चारही बेस, म्हणजे चार कोपऱ्यांतल्या गाद्या, गाठून जी परत येते तिची धाव, हा बेसबॉलचा कायदा त्यांनी आम्हाला शंभरदा ऐकवला असेल.

हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावात त्यांनी हा खेळ आणला तेव्हा गावाला क्रिकेटशिवाय काही ठाऊक नव्हतं. बेस हवेत म्हणून सरांनी हळदीची रिकामी पोती कापून, भुसा भरून शिवली. मुली त्यांवर घसरत जायच्या आणि पिवळे गुडघे घेऊन घरी पोचायच्या. "पोरी खेळाय येतात का हळद लावून घ्यायला?" असं एका आईनं भर बाजारात मला ऐकवलं. मी बापडा गणिताचा मास्तर, माझा काय दोष!

सरांच्या कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली होती. अमेरिकेत पगारी बेसबॉल सुरू झाला त्या काळात सर्वाधिक धावा करणाऱ्यांची. हिंगोलीहून छापून आणलेली. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, "हे आपले माजी विद्यार्थी का?"

सर हसले नाहीत. "हातात ग्लोव्ह नसताना झेल घ्यायचे हे लोक. अन् समदेच काय मोठे फटके मारनारे नव्हते. कसं बी करून बेसवर जायचं अन् पळत परत यायचं."

एका गोष्टीपायी सगळ्यांचं डोकं खाणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आम्ही त्यांना टाळायचो, हे कबूल करतो.

एका वर्षी जिल्ह्याच्या संघात आमची एकच मुलगी जाणार होती. तीन सामन्यांत जिच्या धावा जास्त ती जाईल, असं सरांनीच ठरवलं. सर पंच, धावांची वही माझ्याकडे. तिसरा सामना संपल्यावर मी बेरीज केली आणि मैदानातच नाव पुकारलं. सरांचीच मुलगी! फटके तिचेच लांब जायचे. सर इतके खुश झालेले मी कधी पाहिले नव्हते.

मग त्यांनी वही चाळली.

"मास्तर, हे काय करून ठेवलं? तिच्या फटक्यावर तीन पोरी परत आल्या, तर तिन्ही धावा तिच्याच नावावर?"

"मग कुणाच्या?" मी खरंच विचारलं. जन्मभर क्रिकेट पाहिलेला माणूस मी.

व्हरांड्यात बसून आम्ही एकेक धाव पुन्हा लावली. रुखसाना पुढे निघाली. सायकल दुरुस्तीवाल्याची मुलगी, फटका जेमतेम, पण पळायला लागली की हाती लागत नसे. सरांची मुलगी एका धावेनं मागे.

"राहू द्या ना," मी म्हणालो. "पोरीचं तोंड बघा."

"बघितलं," सर म्हणाले. "पन मंग ते कपाट कसं उघडू?"

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्यांनी नाव बदललं. "मोजन्यात माझी चूक झाली," म्हणाले. माझा उल्लेखही केला नाही, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली. मुलीनं त्यानंतर बॅट हातात धरली नाही. "धड बोलत न्हाई हो माझ्याशी," असं सर पुढे कितीदा तरी म्हणाले. निवृत्त झाल्यावरही म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. घरी भेटायला गेलो तर चहा घेऊन त्यांची मुलगीच आली. आता ती वाशिमला असते, स्वतःच्या संसारात. मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं की चूक सरांची नव्हती, माझी होती.

"मला म्हाईत हाय, सर. माझं नाव पुकारलं तवाच कळलं. कोन किती पळालं ते मला दिसत नव्हतं काय? मीच बाबांना म्हननार होते, रुखसानाला पाठवा. त्यांनी एकदा मला इचारलं असतं!"

"मग एवढी वर्षं रुसलीस काहून?"

"मला काहीच न सांगता समद्यांसमोर माझं नाव खोडलं म्हनून. त्यांना वाटत राहिलं, जिल्ह्याला जायला मिळालं न्हाई म्हनून रुसले."

सर असते तर चहा तसाच सोडून मी तेव्हाच त्यांना सांगायला उठलो असतो.