अनंतरावांचं 'नाही'

मंडईच्या मागे अनंतरावांचं बटणं आणि लेसचं दुकान आहे. एखादी बाई ब्लाउजचा तुकडा घेऊन आली की हा माणूस डब्यामागून डबा उघडायचा, दारातल्या उजेडात रंग जुळवायचा, आणि नाहीच जुळला तर तिला पुन्हा बोलावून तोवर मिळवून ठेवायचा. बायको सरोजिनी म्हणायची, "लग्नं जुळवायला बसला असतात तर नाव काढलं असतंत."

गेल्या वर्षी त्यांची आंघोळ चुकू लागली. जेवण ताटात राहायचं. पहाटेच जागे होऊन भिंतीकडे बघत पडायचे. दुकानात कुणी काही मागितलं, की पाठीमागे डबे ओसंडत असताना म्हणायचे, "नाही."

"अहो काका, ते काय मागे दिसतंय."

"दिसू दे."

हे एका कॉलेजच्या पोरीनं फोनवर टिपलं आणि 'अस्सल पुणेरी' म्हणून टाकलं. झालं! पार वाघोलीहून माणसं लोटली. बटण कुणालाच नको होतं. अपमान हवा होता, तोही फुकट. आजारी माणसाच्या तोंडासमोर फोन धरून दात काढणाऱ्या त्या घोळक्याची सरोजिनीला शिसारी आली.

एके दिवशी अनंतराव म्हणाले, "मी नसलो तरी काय फरक पडणार आहे?" घोळक्यानं टाळ्या पिटल्या. सरोजिनीनं सगळ्यांना बाहेर काढलं, शटर ओढलं आणि डॉक्टरांची वेळ घेतली.

शेजारच्या छत्रीवाल्या इंद्रजीतला ते कळलं. "वहिनी, गर्दीमुळे माझाही गल्ला भरतोय. हे बरे झाले तर बघायला कोण येणार?" तो चेष्टेनंच म्हणाला. त्यानं पाठवलेला चहा तिनं मोरीत ओतला.

मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "सगळ्यांना नाही का म्हणता?"

अनंतराव म्हणाले, "डबा काढायला हात वर न्यावा लागतो. नाही म्हटलं की सुटका."

"हा स्वभाव नाही, आजार आहे. डिप्रेशन," बाई म्हणाल्या. मरणाचे विचार येतात का, हेही त्यांनी सरळ विचारलं, आणि आले तर लगेच कुणाला सांगायचं ते ठरवून दिलं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, बरं वाटलं तरी आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, आणि बोलायला नेमानं यायचं.

दिवाळीनंतर एक मुलगी फोन रोखूनच आत आली. "काका, हिरवं बटण आहे?"

अनंतराव उठले. हात वर नेला आणि डबा खाली काढला. तिच्या ओढणीशी त्यांनी रंग जुळवला. मुलीचा चेहरा उतरला. "असं नको ना काका. ते 'नाही' म्हणा ना, एकदाच."

"ते दुखणं होतं, बाळा," सरोजिनी म्हणाली. "तुझ्या करमणुकीसाठी परत आणू का?"

मुलगी बटण न घेताच गेली. सरोजिनी चरफडत डबा उचलू लागली.

"राहू दे खाली," अनंतराव म्हणाले. "या रंगासाठी येईल उद्या कुणीतरी."

उद्याचं ते वर्षभरात पहिल्यांदाच बोलले होते. सरोजिनीनं डबा तिथेच ठेवला.