निकाली खेळ

आपण विश्वचषक जिंकला आणि आमच्या दोन दिवसांच्या सामन्यांचं वाटोळं झालं. कोल्हापुरातल्या क्लबांना एकदम मर्यादित षटकांचं वेड लागलं. हे खूळ फार दिवस टिकायचं नाही, असं मी राजारामपुरीतल्या चहाच्या गाड्यावर ठणकावून सांगायचो. ऐकणारे चहा संपवून निघून जायचे. मी चाळिशीला आलेला लेगस्पिनर. माझा चेंडू हवेत रेंगाळायचा. एखाद्या फलंदाजाला मोहात पाडायला मला अख्खी दुपार लागायची, आणि दुपार आता कुणाकडेच उरली नव्हती.

आबा, म्हणजे माझे वडील, जुने पैलवान. इतकी वर्षं मी खेळलो, पण ते एकदाही मैदानाकडे फिरकले नव्हते. "दोन दिस खेळायचं आन् शेवटाला बरोबरी? खेळ निकाली पायजे," म्हणायचे. कुस्तीत एकाची पाठ मातीला लागल्याशिवाय ते जागचे हलत नसत. एकदा तरी त्यांनी मला चेंडू टाकताना बघावं, एवढीच माझी हौस होती. म्हणून 'संध्याकाळच्या आत निकाल लागणार' असं ऐकून ते फेटा बांधून निघाले, तेव्हा त्या खुळ्या क्रिकेटचे मी मनातल्या मनात आभार मानले.

कप्तान माझ्याहून पुष्कळ लहान होता. "काका, उंच टाकू नगा. सपाट टाका, धावा रोखा," म्हणाला. पण आबा बघत होते. मी उंच टाकला. फार सुंदर पडला तो, अजून डोळ्यांपुढे आहे. फलंदाजानं पुढे येऊन तो झाडांपलीकडे भिरकावला.

आबा उठले आणि तडक मैदानात आले. डोक्यावरचा फेटा उतरवून त्या फलंदाजाला बांधू लागले. कुस्ती मारणारा परगावचा असला तरी त्याला फेटा बांधायचा, ही आमच्याकडची रीत. पंच धावत आले.

"ओ पावणं, सामना चाललाय अजून!"

"आता काय ऱ्हायलंय?" माझ्याकडे हात करत आबा म्हणाले, "ह्यो पडला की!"

सगळं मैदान हसलं. मीही हसलो, दुसरं करणार काय? मला पुन्हा चेंडू मिळाला नाही. घरी येताना आबा मात्र खुशीत होते. "ह्यो खेळ टिकतोय बघ. फुडच्या ऐतवारी हाय न्हवं?" म्हणाले. मी हो म्हटलं. संघात मी नसणार, हे समजावून सांगण्याचाही कंटाळा आला होता.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं सीमारेषेजवळ बसलो. कोण कुठल्या बाजूचा ते मी सांगत होतो, ते मान डोलावत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "तू कवा उतरणार?"

"न्हाय आबा. झालं माझं."

आबा मैदानावरची नजर न काढता म्हणाले, "मग जरा मागं सर की. दिसंना झालंय."